पुलाला शॉक ॲब्सॉर्बर कशासाठी?

प्रश्न (कोल्हापूर): पंचगंगेवरच्या जुन्या दगडी शिवाजी पुलावर कधी डोलल्यासारखे वाटत नाही; मग परदेशातील लांब, सडपातळ पुलांना मोटारसायकलीसारखे शॉक ॲब्सॉर्बर का बसवावे लागतात?

उत्तर १: दगडी कमानीचे वजन आणि ताठपणाच कंपन दाबतो, हलक्या पुलाला तो आधार नसतो. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला होताच चालणाऱ्यांच्या पावलांनी आडवा डोलू लागला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पुढे तेथे ३७ द्रवयुक्त डँपर (म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरसारखी कंपन शोषणारी उपकरणे) बसवले. त्यांतील दट्ट्या दाट द्रव ढकलतो आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. पूल २००२ मध्ये पुन्हा खुला झाला.

उत्तर २: शिवाय मिलेनियम पुलावर वजन व स्प्रिंगचे ५० हून अधिक डँपरही बसवले होते. मात्र द्रवयुक्त डँपरचे सील झिजून द्रव गळू शकतो, म्हणून नियमित तपासणी अत्यावश्यक आहे.