बॅटरीत १५ टक्के घट खरी, पण हिशोब ट्रान्सफॉर्मरचा करा

उपकेंद्रात वीज साठवायला मोठी बॅटरी बसवायची म्हटलं की प्रश्न येतो: भरताना-काढताना १५ टक्के वीज जाते, मग महावितरणला बॅटरीचा फायदा काय? घट मान्य. पण हा नुसता युनिटचा हिशोब नाही.

समजा, परभणीकडचं ३३/११ केव्हीचं उपकेंद्र, ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणारं, ५ एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा एकच ट्रान्सफॉर्मर. पॉवर फॅक्टर (या क्षमतेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.९५ धरला तर हाती ४.७५ मेगावॉट. संध्याकाळी दोन तास लोड ५.५ मेगावॉटवर गेला, की तूट पाऊण मेगावॉटची, म्हणजे दीड मेगावॉट-तास. तेवढीच बॅटरी घेतली तर फसगत ठरलेली. क्षमतेच्या ९० टक्केच वापर धरायचा, आणि बॅटरी पुरवणाऱ्याशी केलेल्या कराराच्या शेवटी क्षमता उरते ८० टक्के. दीडला ०.७२ ने (०.९ × ०.८) भागा: जवळपास २.१ मेगावॉट-तास. एवढ्यावर दुसरा ट्रान्सफॉर्मर काही वर्षं पुढे ढकलता येतो. भरायची दुपारी ११ ते ३, सौर प्रकल्प जोडलेल्या फीडरची (११ केव्हीच्या वाहिनीची) वीज उलटी उपकेंद्राकडे येऊन व्होल्टेज चढतं तेव्हा.

खरी डोकेदुखी उन्हाळा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच्या सेलला २५ अंशांच्या आसपास मानवतं, आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३. कूलिंगच्या फिल्टरमध्ये धूळ, मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा. फिल्टर चोंदला की इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज एसी करणारं यंत्र) तापून आपोआप क्षमता कमी करतो, तेही नेमकं संध्याकाळी. आणि कूलिंगची वीज मीटरच्या कोणत्या बाजूला मोजायची, म्हणजे कोणाच्या खात्यावर धरायची, हे करारात आधीच लिहून घ्या; भांडण तिथेच लागतं.