मदत हवी आहे: कोड बदलला तरी टॉमकॅट जुनाच क्लास (कंपाइल झालेला कोड) चालवतो

खटपट्या
दोन दिवस याच्यातच गेले, म्हणून धागा काढतोय. एक ओळ बदलली तरी वॉर (अख्खं ॲप बांधलेली फाइल) बनवा, टॉमकॅट (जावा वेबॲप चालवणारा सर्व्हर) बंद करा, वॉर कॉपी करा, चालू करा, लॉगिन करून परत त्याच स्क्रीनपर्यंत पोचा. दर वेळी तीन मिनिटं जातात. ऑटोडिप्लॉय (नवं ॲप आपोआप चालू करायचं सेटिंग) ट्रू आहे, तरी आपोआप काही होत नाही. काय राहिलंय? शुक्रवारी डेमो आहे, कृपया लवकर सांगा.

पायवाट
टॉमकॅट कुठला? आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) कुठला? टॉमकॅट आयडीईतून चालवता की बाहेरून? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

शून्यापासून
स्प्रिंग बूटवर (जावाचं फ्रेमवर्क) या आणि त्याचं डेव्हटूल्स घाला. ते दोन क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारे भाग) ठेवतं. लायब्ररी एकात, तुमचा कोड दुसऱ्यात. रीस्टार्टला फक्त दुसरा फेकून नवा बनवतं, म्हणून पटकन होतं. आमच्या टीमने हेच केलं आणि हा त्रास कायमचा गेला.

खटपट्या
बूटवर जाता येणार नाही. सर्व्हलेट (विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) आणि जेएसपीचा (जावा मिसळलेली वेब पानं) जुना प्रोजेक्ट आहे, मेव्हनवर (बिल्ड करायचं साधन). टॉमकॅट ९, बाहेरून चालवतो. एक्लिप्स. विंडोज.

चौकट
ब्राउझर रिफ्रेश करायचा कंटाळा येत असेल तर लाइव्हरीलोड बघा. पोर्ट ३५७२९ वर ऐकतं, फाइल बदलली की पान स्वतःच ताजं होतं.

खटपट्या
रिफ्रेश मी करतोच आहे. रिफ्रेश करूनही जुनाच कोड चालतो, हा प्रश्न आहे.

जुनाजाणता
ऑटोडिप्लॉय आणि रीलोडेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑटोडिप्लॉय हे होस्टवर (सगळ्या ॲप्सचं मिळून सेटिंग) असतं. नवं वॉर आलं का, वॉर बदललं का, वेबडॉटएक्सएमएल (ॲपची सेटिंग फाइल) बदललं का, अशा गोष्टी ते बघतं. एखादा क्लास बदलला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यासाठी कॉन्टेक्स्टवर (एका ॲपचं सेटिंग) रीलोडेबल ट्रू लागतं, ते ॲपच्या वेब-इन्फ फोल्डरमधल्या क्लासेस आणि लिबवर (लायब्ररी) नजर ठेवतं. ही तपासणी मूळ सेटिंगमध्ये दर १० सेकंदांनी होते, त्यामुळे सेव्ह केल्याकेल्या फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

खटपट्या
रीलोडेबल घातलं. मिनिटभर थांबलो. काही नाही.

दीपस्तंभ
डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) चालवताय का? व्हर्च्युअल मशीनमधून माउंट केलेल्या फोल्डरमध्ये फाइल बदलल्याची सूचना आत पोचतच नाही असं बऱ्याचदा होतं. मग वॉचरला (फायलींवर नजर ठेवणारा प्रोग्राम) पोलिंगवर (ठरावीक वेळाने स्वतः बघणं) टाकावं लागतं. नोडमॉनमध्ये (नोडचा असा वॉचर) त्यासाठी लेगसी-वॉच आहे.

खटपट्या
डॉकर नाही, नोडही नाही.

पायवाट
एक करा. टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये वॉर सुटून जे फोल्डर झालंय, त्यातल्या वेब-इन्फ/क्लासेसमध्ये जा. आत्ता बदललेल्या क्लासच्या फाइलची वेळ बघा आणि इथे लिहा.

खटपट्या
काल संध्याकाळी ६:१०. पण एक्लिप्स तर सेव्ह केल्यावर कंपाइल करतो!

पायवाट
करतो, पण प्रोजेक्टच्या टार्गेट/क्लासेसमध्ये. टॉमकॅट बघतोय वेबॲप्समध्ये. तिथे काही बदललंच नाही तर तो रीलोड कशाला करेल? तुमचं सेटिंग चुकलेलं नाही, दोघांचे फोल्डर वेगळे आहेत.

धारदार
डीबग मोडमध्ये जोडा आणि हॉटस्वॅप (चालू ॲपमध्येच कोड बदलणं) वापरा, रीलोडची गरजच नाही.

जुनाजाणता
हॉटस्वॅप मेथडच्या आतल्या बदलापुरता. नवी मेथड किंवा नवं फील्ड घातलं की साधा जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) नकार देतो, आणि आपलं निम्मं काम तेच असतं.

धारदार
म्हणूनच जेटब्रेन्स रनटाइम (वेगळा जेव्हीएम) घ्यायचा. त्यात एन्हान्स्ड क्लास रीडेफिनिशन (नव्या मेथड, फील्डही चालणं) चालू करता येतं. जोडीला हॉटस्वॅप एजंट. मी रोज वापरतो.

जुनाजाणता
तुमचं चालतं, मान्य. पण शुक्रवारच्या डेमोआधी त्यांनी जेव्हीएम बदलावा हे मला पटत नाही. खटपट्या, वेबॲप्समधलं वॉर आणि त्याचं सुटलेलं फोल्डर दोन्ही काढा. कॉन्फ/कॅटलिना/लोकलहोस्टमध्ये ॲपच्या नावाची एक्सएमएल फाइल करा, रीलोडेबल त्यातच लिहा. डॉकबेस (ॲपचं मुख्य फोल्डर) थेट सोर्समधल्या वेबॲप फोल्डरवर ठेवा, म्हणजे जेएसपी सेव्ह केली की रीलोडशिवाय दिसेल. मग रिसोर्सेसच्या आत दोन प्रीरिसोर्सेस (डॉकबेसच्या आधी बघितली जाणारी फोल्डर), डिररिसोर्ससेट प्रकारचे. पहिल्यात टार्गेट/क्लासेस हे वेब-इन्फ/क्लासेसवर माउंट. दुसऱ्यात मेव्हनच्या वॉर:एक्सप्लोडेडने (वॉरऐवजी सुटं फोल्डर बनवणारी आज्ञा) बनलेलं लिब हे वेब-इन्फ/लिबवर. कॉपी करणं संपलं.

सावधान
प्रॉडक्शनवर मात्र ऑटोडिप्लॉय आणि रीलोडेबल दोन्ही बंद ठेवा. फोल्डरमध्ये कोणी वॉर टाकलं तर ते चालू होणं धोक्याचं आहे.

शून्यापासून
बूटमध्ये एक्झिक्युटेबल जार (सर्व्हरसकट स्वतः चालणारी फाइल) असतं, हा प्रश्नच येत नाही.

पायवाट
त्यांनी बूट जमणार नाही असं सांगितलंय. पुन्हा तेच कशाला?

खटपट्या
चाललं! सेव्ह केल्यावर दहा-बारा सेकंदांत नवा कोड. पण बाराव्या-तेराव्या रीलोडनंतर मेटास्पेसची (क्लासेसची माहिती ठेवायची मेमरी) आउट ऑफ मेमरी. आता हे काय?

सावधान
मॅक्समेटास्पेससाइझ वाढवा.

जुनाजाणता
वाढवून फक्त ती वेळ पुढे जाईल. जुना क्लासलोडर कोणीतरी धरून ठेवलाय, म्हणून दर रीलोडला सगळ्या क्लासेसची एक प्रत मेमरीत उरते. लॉगमध्ये ॲपने थ्रेड (समांतर चालणारं काम) सुरू केला पण थांबवला नाही अशी ताकीद आहे का? त्यात थ्रेडचं नावही असतं.

खटपट्या
आहे. पूल-१-थ्रेड-१. मी ती ओळ किरकोळ समजून सोडत होतो. लिसनरमध्ये (ॲप सुरू-बंद होताना चालणारा कोड) एक एक्झिक्युटर (थ्रेड चालवणारा) सुरू केलाय.

जुनाजाणता
मग लिसनरच्या कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइडमध्ये (ॲप बंद होताना चालणारी मेथड) त्याला शटडाउननाऊ द्या. थ्रेडमधला लूप इंटरप्ट (थांबायचा इशारा) गिळत नाही ना, तेही बघा, नाहीतर थ्रेड मरणार नाही.

खटपट्या
लूप गिळतच होता. दोन्ही दुरुस्त केलं. आज चाळीसेक रीलोड झाले, मेटास्पेस एका पातळीवर थांबलंय. दर रीलोडला लॉगिन मात्र अजून जातं.

पायवाट
सेशनमध्ये (लॉगिन झालेल्याची माहिती) ठेवलेला यूजरचा क्लास सीरियलायझेबल (फाइलमध्ये लिहिता येणारा) आहे का? टॉमकॅट रीलोडच्या वेळी सेशन फाइलमध्ये लिहून परत वाचतो, पण जे सीरियलायझेबल नाही ते गळून पडतं.

खटपट्या
नाहीये. आत्ता करतो.