पॅलेडियम की तांबं? खरा खर्च धुण्यात आहे

औषधाच्या रेणूत नायट्रोजन जोडताना उत्प्रेरक म्हणून पॅलेडियम या महाग धातूऐवजी तांबं वापरलं तर गोळी स्वस्त होईल का, असा प्रश्न आहे. थोडी भर घालतो.

इथं कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करताना पॅलेडियम ॲसिटेट आम्ही गुजरीत सोनं तोलावं तसं, पंखा बंद करून तोलायचो. ती चिमूट एकवेळ परवडते, दम काढतं ते नंतरचं धुणं. पॅलेडियम वापरून नायट्रोजन जोडायच्या, म्हणजे बुचवाल्ड-हार्टविग अभिक्रियेनंतर काळपट गाळ धरतो. तो सेलाइट या गाळायच्या भुकटीतून गाळला तरी थोडा धातू मालात राहतोच. पोटात घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम, तांब्याची 3000. इथंच तांबं बाजी मारतं.

पण तांबं काही नवं नाही. उलमन या रसायनशास्त्रज्ञानं ही वाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवली होती. अडचण एकच, 200 अंशांच्या आसपास तापवायचं म्हणजे नाजूक रेणू काहिलीत गूळ करपावा तसा करपणार. आता लिगंड, म्हणजे तांब्याला धरून त्याला मदत करणारा रेणू, वापरून तापमान बरंच खाली आणलंय. लिगंडच महागडा निघाला तर मात्र मुसळ केरात.

मला विचाराल तर धातूच टाळलेला बरा. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनसाठी मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी ऱ्होडियम धातू आणि दाबाखालचा हायड्रोजन काढून नायट्रोजन जोडणारं ट्रान्सअमिनेज विकर आणलं, 2010 मध्ये. नायट्रोजन देतं आयसोप्रोपिलअमाइन, मागं उरतो साधा ॲसिटोन. तो उडवत राहिलं की अभिक्रिया आपोआप पुढं सरकते.