फौजेला भाड्याची विमानं? काय डोकं ठिकाणावर आहे का!

अपशिंगेकर फौजी: काल इथं एकानं लिहिलंय, 'कंपन्यांची प्रवासी विमानं लागतील तेव्हा भाड्यानं घ्या, हवाई दलाला नवी मालवाहू विमानं हवीतच कशाला.' वाचल्यापासनं डोकं फिरलंय. २२ वर्षं तोफखान्यात काढलीत मी. प्रवासी विमानात तोफ कुठनं घालणार, खिडकीतनं? हवाई दलाच्या सी-१७ मालवाहू विमानाचं मागचं दार पडलं की ट्रक थेट आत जातो.

मिरजकर: काका तोफेचं कोण बोललंय, माणसांचं बोला की. ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरात जवान उतरवले तेव्हा खाजगी कंपन्यांची डाकोटा विमानं होतीच ना? १९९० ला कुवेतमधनं आलेली लाखावर माणसं एअर इंडियानंच अम्मानहून आणली. अमेरिकेत तर कंपन्यांशी आधीच करार असतो, २०२१ ला काबूलमधनं माणसं बाहेर काढताना १८ विमानं मागवली त्यांनी.

अपशिंगेकर फौजी: मागवली, पण काबुलात एक तरी उतरलं का? बाहेरच्या तळांवरनं माणसं पुढं नेली फक्त. काबुलात सी-१७ सारखी लष्करी विमानं गेली. अर्धी माहिती घेऊन फौजीला शिकवू नका.

कवलापूर झालंच पाहिजे: विमानं कुणाची का असंनात, सांगलीजवळच्या आमच्या कवलापूरच्या धावपट्टीवर कधी उतरणार ते सांगा! सांगलीचा जवान सुट्टीवर आला की पुण्यात किंवा कोल्हापुरात उतरतो.

कऱ्हाडचा: आलं परत कवलापूर. आमच्याकडं आहे की विमानतळ, तोच वाढवा.

कवलापूर झालंच पाहिजे: वाढवा की, बागायती जमीन तुमची द्या मग. शेतकरी काय म्हणतात ते विचारून या आधी.

कऱ्हाडचा: आमच्या शेतकऱ्यांचं आम्ही बघू, तुमच्या धावपट्टीवर इतकी वर्षं नुसतं गवत वाढलंय ते कापा पहिलं.

वाळव्याची ताई: भांडा तिकडं. माझा भाऊ सीआरपीएफमधे आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात रस्त्यानं चाललेल्या ताफ्यावरच्या हल्ल्यात ४० जण गेले तेव्हा आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही, भाऊ तिथं नव्हता तरी. आठवड्यात ऑर्डर निघाली, जम्मू-श्रीनगर आणि दिल्ली-श्रीनगर निमलष्करी दलांच्या सगळ्या जवानांना विमानानं जाता येईल म्हणून. हेच आधी निघालं असतं तर? आमच्यासाठी तिकिटाचं विमान म्हणजे तेवढंच.

अपशिंगेकर फौजी: ताई, तुमचं मान्य. सुट्टीवर जाणाऱ्या-येणाऱ्या जवानाला तिकीट द्या, हजारदा द्या. पण त्या तिकिटावर तोफा न्यायला निघालेल्या शहाण्यांना माझा नमस्कार.

मिरजकर: म्हणजे माणसांपुरतं माझंच बरोबर होतं. धन्यवाद काका, एवढं ओरडून कबूल केल्याबद्दल.

कवलापूर झालंच पाहिजे: आणि ते तिकीट कवलापूरचं पाहिजे.