अनुभव धागा : उत्कृष्ट अध्यापनाचा पुरावा कसा जमवावा, कसा तपासावा?

उच्च शिक्षणातल्या शिक्षकांनाही २०२३ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळू लागले. विद्यापीठांचे आणि संस्थांचे पुरस्कार तर आहेतच. पण प्रस्तावाची फाइल उघडली की प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, सेमिनारचे फोटो, शोधनिबंधांची यादी. वर्गात काय घडलं ते शोधावं लागतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत पदोन्नतीसाठी अध्यापनाची श्रेणी नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले यावर ठरते : ८० टक्के किंवा जास्त असतील तर 'चांगले', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक'. तास झाले एवढंच त्यातून कळतं, मुलं काय शिकली ते नाही. ज्यांनी असे प्रस्ताव लिहिले किंवा तपासले आहेत, मुलांसोबत रोजचं काम केलं आहे, त्यांनी उपयोगाचं लिहावं.

भौतिकशास्त्र, पदवी वर्ग

प्रस्ताव मार्चमध्ये लिहायचा असला तरी पुरावा जूनमध्येच धरावा लागतो. पहिल्याच आठवड्यात अर्ध्या तासाची संकल्पना-चाचणी घ्या. बहुपर्यायी प्रश्न, आकडेमोड जवळजवळ नाही, आणि गुण निकालात धरणार नाही हे आधीच सांगा. सत्राच्या शेवटी तीच चाचणी पुन्हा. मग :

वाढ = (नंतरचे टक्के − आधीचे टक्के) ÷ (१०० − आधीचे टक्के)

वर्ग ४० वरून ६४ वर गेला तर २४ ÷ ६० = ०.४. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ प्राथमिक अभ्यासक्रमांची अशी तुलना केली. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत ही वाढ सरासरी ०.२३ होती, मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत ०.४८.

चुका दोन ठिकाणी होतात. प्रश्नपत्रिका मोजून परत घेतली नाही तर ती रात्रीपर्यंत व्हॉट्सअॅपवर असते. दुसरी चूक जास्त फसवी : सुरुवातीला ७२ मुलं, शेवटी ५१, आणि दोन्ही सरासऱ्या सरळ वजा केल्या. गळालेली मुलं बहुतेक कच्चीच असतात, त्यामुळे आकडा आपोआप फुगतो. दोन्ही चाचण्या दिलेल्यांचेच गुण धरा आणि किती गळाले ते शेजारी लिहा.

संख्याशास्त्र

विद्यार्थी-अभिप्रायाबद्दल. ६० च्या वर्गातून १४ फॉर्म आले आणि प्रस्तावात '५ पैकी ४.६' असं छापलं, तर ती सरासरी कुणाची? किती मुलांनी भरला ते आधी, मग प्रत्येक श्रेणीत किती जण ते, आणि सरासरी वाटलीच तर शेवटी.

प्रश्नही नीट निवडा. 'शिक्षकांचं विषयज्ञान कसं आहे?' हे पहिल्या वर्षाच्या मुलाला ठरवता येत नाही. 'जर्नल (प्रयोगवही) किती दिवसांत तपासून मिळतं?', 'चुकलेल्या उत्तरावर का चुकलं ते लिहिलेलं असतं का?' हे तो नक्की सांगू शकतो. सहाव्या आठवड्यात तीनच प्रश्न विचारा, शिक्षकांनी बाहेर थांबावं, पुढच्या तासाला 'हे बदलतोय, हे बदलता येणार नाही, कारण असं' हे वर्गात सांगावं. त्या बदलाची नोंद सत्राअखेरच्या स्तुतीपेक्षा मोलाची.

अभियांत्रिकी, अंतर्गत गुणवत्ता कक्ष

वरच्यात भर : नुसत्या अभिप्रायावर पुरस्कार देऊ नका. २०१५ च्या एका अमेरिकी प्रयोगात ऑनलाइन शिकवणाऱ्यांची नावं अदलाबदल केली, तेव्हा बाईचं नाव दिसलेल्या गटांनी कमी गुण दिले. शिकवणारी व्यक्ती तीच होती.

सोबत सहकाऱ्याचं वर्गनिरीक्षण हवं. दर दोन मिनिटांनी शिक्षक काय करतोय आणि मुलं काय करताहेत, एवढ्याच खुणा करायच्या : सांगणं, फळ्यावर लिहिणं, प्रश्न, गटचर्चा, वाट पाहणं. शेरे नाहीत. ५० मिनिटांच्या तासाचे २५ रकाने होतात. एकाच तासावर निकाल देऊ नये, सांगून पाहिलेला तास सजवलेला असतो. निरीक्षक दुसऱ्या विभागाचा असेल तर हेवेदावे कमी.

वाणिज्य, ग्रामीण महाविद्यालय

शंभर टक्के निकाल हा पुरावा नाही. त्याच विषयाचे आधीच्या तीन वर्षांचे निकाल, दुसऱ्या तुकडीचा निकाल आणि एटीकेटीतून (राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याची सवलत) सुटलेल्यांची संख्या द्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी प्रत्येक घटकाआधी पंधरा-वीस संज्ञांची द्वैभाषिक यादी दिली असेल तर ती जोडा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यासाठी हाताशी ठेवावेत.

ग्रंथालय आणि दिव्यांग साहाय्य

आमच्या कामाला बहुतेक अर्जांत रकानाच नसतो, आणि हे मनापासून खटकतं. दृष्टिहीन विद्यार्थ्याला नोट्स 'दिल्या' म्हणजे काय? जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधली मराठी फाइल स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) निरर्थक अक्षरांसारखी वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसतं चित्र. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासणं, आकृतीखाली दोन ओळींचं वर्णन. चाळीस पानांच्या नोट्सना सहज दोन दिवस जातात.

परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. बैठकव्यवस्थेत हे आधी लिहिलं नाही तर पर्यवेक्षक तीन तासांनी उत्तरपत्रिका मागतो. प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, समुपदेशक यांची नामांकनं स्वतंत्र घ्या, आणि विद्यार्थ्यांनाही नाव सुचवू द्या.

प्रस्ताव तपासणारे

पहिल्या पानावर चार गोष्टी हव्यात : अडचण कोणती होती, किती मुलांची, काय केलं, काय बदललं. दुसऱ्या कुणी ती पद्धत उचलली असेल तर त्यांचं पत्र. हारतुऱ्यांचे फोटो काढून टाका. त्या जागी एका साधारण विद्यार्थ्याची ऑगस्टमधली आणि डिसेंबरमधली उत्तरपत्रिका, नाव झाकून, शेजारी-शेजारी लावा.