‘पेशी कमी झाल्या’ म्हणजे नक्की कुठल्या?

खर्डेघाशी: डेंग्यूच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. प्लेटलेटला ‘बिंबाणू’ लिहिलं. संपादक म्हणतात ‘पांढऱ्या पेशी’ करा, लोक तसंच बोलतात. पण त्या वेगळ्या ना? काय ठेवू?

जुनाट: बिंबाणूच. विश्वकोशातला शब्द आहे. आणि पेशी नव्हे, कोशिका! पेशी म्हणजे मुळात मांसाचा गोळा. हिंदीवाले स्नायूला अजून मांसपेशी म्हणतात.

पाटीपेन्सिल: शाळेत आम्ही रक्तपट्टिका शिकवतो. पोरं पेपरात पट्टिका लिहितात, घरी जाऊन प्लेटलेटच म्हणतात.

नळीवाली: लॅबमध्ये असते म्हणून सांगते, ‘पांढऱ्या पेशी’ अजिबात नको. पांढऱ्या साधारण ४,००० ते ११,०००, प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. एक काका फोनवर रडकुंडीला आलेले, “पेशी सहा हजारावर आल्या, रक्ताची सोय बघा!” रिपोर्ट पाहिला तर सहा हजार पांढऱ्या, प्लेटलेट पावणेदोन लाख.

जुनाट: मुळात प्लेटलेट ही पेशीच नाही. अस्थिमज्जेतल्या थोराड पेशीचे तुकडे ते. केंद्रक कुठाय त्यात?

पाटीपेन्सिल: केंद्रक तर रक्तात फिरणाऱ्या तांबड्या पेशीतही नसतं. तिचंही नाव कापता का?

बांधावरचा: आमच्याकडं नुसतं ‘पेशी’ म्हटलं की प्लेटलेटच. “पेशी चढवल्या का?” असंच इचारत्यात. आन् ‘पांढऱ्या पेशी वाढल्या’ म्हटलं की लोक थेट कॅन्सरवर जात्यात. साधं गळू झालं तरी वाढत्यात की त्या.

खर्डेघाशी: मग ‘प्लेटलेट’ ठेवू का? संध्याकाळी छपाईला जायचंय.

नळीवाली: पांढऱ्या स्टेरॉइडनंही वाढतात. आणि डेंग्यूत पांढऱ्याही घटतात, त्यामुळे लोकांचा घोळ अगदीच हवेतला नाही. पण माणूस ठणठणीत नि प्लेटलेट ४०,००० आल्या, तर आम्ही आधी रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. काहींच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात, मशीनला ते गठ्ठे मोजता येत नाहीत. मग दुसऱ्या नळीत, सायट्रेट या वेगळ्या रसायनावर, पुन्हा रक्त घ्यायचं. तरी बरं, ईडीटीए रक्त गोठू न देण्यासाठीच घालतात!

जुनाट: गोठू नव्हे, साकळू. गोठतं ते थंडीनं.

बांधावरचा: आमची आजी जखमेवरचं रक्त ‘थिजलं’ म्हणायची.

जुनाट: थिजतं ते तूप.

पाटीपेन्सिल: आणि भीतीनं रक्त गोठतं ते? तिथं कुठली थंडी?