स्वेटरबद्दल पटतील अशा थापा सुचवा

उलट_सुलट: विणकामाच्या ग्रुपमध्ये शनिवारी ‘खरं की थाप’ खेळायचंय, विषय स्वेटर. माझ्या थापा अशा: डाव्या बाहीला मेंढीच्या डाव्या अंगाचीच लोकर लागते नाहीतर स्वेटर अंगावर फिरतो, आणि घरात लहान मूल असेल तरच स्वेटर धुतल्यावर आटतो, म्हणजे कुणालातरी बसतोच 😄 खऱ्यामध्ये आयर्लंडच्या अरन बेटांवरच्या कोळ्यांचं घेतलंय, प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असायची आणि बुडालेला माणूस स्वेटरवरून ओळखायचे. अजून सुचवा ना, क्षणभर तरी पटलं पाहिजे असं.

चार_सुया: अगं अरनचं थापांमध्ये टाक! घराण्यागणिक वीण होती याला पुरावाच नाहीये. जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराचं ‘रायडर्स टू द सी’ नावाचं नाटक आहे, 1904 ला पहिला प्रयोग झाला, त्यात बुडालेल्या भावाला बहीण ओळखते ती मोज्यावरून, कारण विणताना तिच्याच हातून चार टाके सुटलेले असतात. मोज्याचा स्वेटर झाला नि सुटलेल्या टाक्यांची घराण्याची वीण झाली, आणि आता सगळे हेच सांगत सुटलेत. मला तर मूळ गोष्टच जास्त आवडते, आपली चूक आपण कुठेही ओळखतो ना.

लोकरीचा_गुंडा: खरं म्हणून पेंग्विनचे स्वेटर घे, सगळे थाप म्हणतील बघ. ऑस्ट्रेलियात फिलिप बेटावर तेलात माखलेल्या छोट्या पेंग्विनना घालतात, चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जाऊ नये म्हणून, अंघोळ होईपर्यंत.

बाही_राहिली: माझी थाप घे, मेंढी पावसात अंग फुगवून धरते म्हणून तिची लोकर आटत नाही. कुणी विचारलं तर खरं कारणपण सांग, लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी साबण आणि घुसळण झाली की तंतू सरकून खवले एकमेकांत अडकतात ते परत सुटतच नाहीत म्हणून स्वेटर आटतो. मेंढीच्या अंगावर तंतू मुळाशी धरलेले असतात, सगळे एकाच दिशेला, वर लॅनोलिनचा तेलकट थर, आणि तिला कुणी मशीनमध्ये फिरवत नाही.

उलट_सुलट: मशीनवाल्या वाक्याला आत्ताच घरात सगळे हसले! अरन थापांमध्ये गेलं, पेंग्विन शेवटी विचारते.